रिकाम्या गाळ्याबद्दल एक वाक्य

मल्लेश्वरम, बंगलोर
१९ जून १९९५

अहल्या,

एकाच शहरात राहून त्याच शहरात बहिणीला पत्र टाकणारा मी एकटाच म्हातारा असेन. पोस्टातल्या बाईंनी पत्ता वाचला आणि म्हणाल्या, "इंदिरानगर? बसनं जायचं की सार." बसने जाऊन काय करू, दार उघडायला हवं ना कोणी, असं मनात आलं. त्यांना नुसतं "सरी, बरं" म्हणालो.

फोन केला तर माझा आवाज ऐकून तू रिसीव्हर ठेवतेस. आपटतही नाहीस, हळूच ठेवतेस, त्याने जास्तच लागतं. पत्र निदान माझं वाक्य पुरं होऊ देईल.

बातमी अशी की त्रेसष्टाव्या वर्षी मी नोकरीला लागलो. घरापासून चार गल्ल्यांवर एक लॉ कॉलेज आहे, सकाळी सात ते दहा भरणारं. बँकेतले कारकून, शाळामास्तर, दोन पोलीस, संसार सांभाळून शिकणाऱ्या चार-पाच बायका, असा वर्ग. प्रिन्सिपॉल म्हणाले, आमच्याकडे निवृत्त जिल्हा न्यायाधीश कोणी नाही, तुम्ही या. मी कोट घालून गेलो.

पहिल्या दिवशी सगळे उठून उभे राहिले. इथवर ठीक होतं. मी सवयीने दोन्ही बाजूंना मान लववली, खुर्चीत बसलो, पेनाचं टोपण काढलं आणि वाट बघू लागलो. तेही वाट बघू लागले. दोन-तीन मिनिटं अशीच गेली. शेवटी मी म्हणालो, "बोला." मागच्या बाकावरून एक पोलीस म्हणाला, "सार, नीवे माताडबेकु." म्हणजे तुम्हीच बोलायचंय! बत्तीस वर्षं दुसरे बोलले आणि मी ऐकलं, अहल्या. पंचावन्न मिनिटं सलग बोलायची पाळी माझ्यावर कधी आलीच नव्हती. हजेरी घेताना प्रत्येकाचं नाव कोर्टातल्यासारखं तीनतीनदा पुकारलं, त्यात पंधरा मिनिटं निघाली म्हणून वाचलो.

घरी आल्यावर हे सांगायला कोणी नव्हतं. तुझी वहिनी, कस्तुरी, जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हा तू आली होतीस. तेराव्यापर्यंत राहिलीस, मला जेवायला वाढलंस, माझ्या गोळ्या वेळेवर काढून ठेवल्यास आणि माझ्याशी एक अक्षर न बोलता निघून गेलीस.

तुझ्या मनूच्या लग्नाला मी आलो नाही, त्याला या मे महिन्यात नऊ वर्षं झाली. भावोजी आधीच गेलेले, तू एकटी, आणि मनस्विनीला मामा म्हणावा असा मी एकच. मुलीला बोहल्यावर नेण्याच्या वेळी मी सत्तर किलोमीटरवर, तुमकूरच्या सरकारी बंगल्यात होतो. कारण तुला ठाऊक आहे. तुझ्या व्याह्यांच्या, भीमाचार्यांच्या तुमकूरच्या दुकानाचं अपील माझ्या कोर्टात होतं. युक्तिवाद संपलेले, निकाल राखून ठेवलेला. पक्षकाराच्या मांडवात न्यायाधीशाने जेवू नये, हे मी तेव्हाही कळवलं होतं आणि आजही तेच म्हणतो. पुढे जूनमध्ये निकाल त्यांच्या विरुद्ध गेला, हा कायद्याचा भाग झाला.

तुझ्या शेजारच्या कल्लाप्पांनी, मराठीचा एक शब्द येत नसताना, घाईने धोतर नेसून मामा म्हणून मनूचा हात धरला असं ऐकलं होतं. त्यांना माझा नमस्कार सांग.

अण्णा

मल्लेश्वरम
१६ जुलै १९९५

अहल्या,

पहिलं पत्र परत आलं नाही. म्हणजे समन्स बजावलं गेलं असं मी धरतो. तू हजर झाली नाहीस, तेव्हा सुनावणी एकतर्फी पुढे चालू!

आता मला बोलता येतं. जरा जास्तच येतं, असं मागच्या बाकावरचा पोलीस म्हणतो. तिसऱ्या वर्षात श्वेता नावाची एक मुलगी आहे, पुण्याची. नवरा कॉम्प्युटरच्या कंपनीत, बिऱ्हाड हेब्बाळला. पहिली बस पकडून सातला वर्गात हजर असते आणि पहिल्या बाकावर बसून मला उलट प्रश्न विचारते. मी मराठी आहे हे कळल्यावर तिला काय आनंद झाला! पण माझं मराठी ऐकून हसते.

"सर, तुमचं मराठी भारी आहे. तुम्ही 'स्वल्प थांबा' म्हणता."

"मग काय म्हणायचं?"

"जरा थांबा."

"जरा म्हणजे किती ते कळत नाही. स्वल्प म्हणजे स्वल्प."

तिने ते वहीत लिहून घेतलं. कस्तुरीला ही मुलगी आवडली असती, तुलाही आवडेल.

या वर्गाला निकाल कसा लिहावा हे शिकवायचं असतं. नमुना हवा म्हणून मी माझी जुनी बाडं सोडली. रागावू नकोस, पण मी भीमाचार्यांच्या अपिलाचा निकाल निवडला. बत्तीस वर्षांत लिहिलेल्यांतला तोच सर्वांत नेटका. बारा पानं, कुठे खाडाखोड नाही. नावं, गाव, तारीख सगळं पांढऱ्या शाईने झाकून झेरॉक्स काढल्या, तेव्हा कोणाचा ते कोणाला कळायचं नाही. नऊ वर्षांपूर्वी तो दिला त्या आठवड्यात तुमकूरच्या वकिलांत दुसरा विषय नव्हता. बहिणीच्या व्याह्याविरुद्ध निकाल दिला, याला म्हणतात न्यायाधीश, असं म्हणायचे. मी व्हरांड्यातून गेलो की बसलेले लोक उठून उभे राहायचे.

कस्तुरीने एकदा मला सांगितलं होतं की तूही व्याह्यांच्या घरी हेच सांगतेस. आमचा अण्णा माणूसघाणा असेल, पण त्याच्या हातून वाकडं काही होणार नाही, असं. माझ्याशी बोलत नाहीस आणि माझ्या पाठीमागे माझी बाजू घेतेस. ते ऐकून मी कितीतरी दिवस आनंदात होतो. तुला कधी कळवलं नव्हतं, म्हणून आज कळवतो.

अण्णा

मल्लेश्वरम
४ ऑगस्ट १९९५

अहल्या,

आज कॉलेजविषयी लिहिण्यासारखं काही नाही. तो निकाल शिकवून झाला. मुलांना फारसा कळला नाही. तरुण मंडळी, घाईने मतं बनवतात. आठव्या क्रॉसच्या रस्त्यावर वरमहालक्ष्मीच्या सणाच्या फुलांची एवढी गर्दी आहे की चालायला जाता येत नाही. गुडघा दुखतो. स्वयंपाकाच्या बाई सांबारात मीठ विसरतात आणि मी बोलत नाही.

भीमाचार्यांची तब्येत कशी आहे? ते मुलाकडेच, मनू आणि मल्हारकडे असतात ना? दुकान गेल्यापासून गॅलरीत बसून पेट्या दुरुस्त करतात असं कानावर आलं. नावाने आचार्य आणि धंदा हार्मोनियमचा, म्हणून आपण त्यांना पूर्वी हसत असू. त्यांचा हात फार चांगला होता म्हणतात. तुमकूरच्या भजनी मंडळांच्या सगळ्या पेट्या त्यांच्याकडे यायच्या.

मागच्या पत्रात मी त्या निकालाला नेटका म्हटलं होतं. तो शब्द तूर्त बाजूला ठेव.

अण्णा

मल्लेश्वरम
२० ऑगस्ट १९९५

अहल्या,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. मुलांना निकाल कळला नाही असं लिहिलं, पण त्यांना तो फार नीट कळला.

काय झालं ते सांगतो. मी विचारलं, या निकालाविषयी कोण बोलेल? श्वेता उठली. म्हणाली, "सर, केस साधी आहे. मालकाला स्वतःसाठी दुकान हवंय. भाडेकरू म्हणतो, याच रांगेतला तुमचा दुसरा गाळा रिकामा आहे, मग माझाच कशाला? आता जजने न्यायाधीशाचं कर्तव्य, भीड, नातीगोती यांवर चार पानं लिहिलीत. आणि रिकाम्या गाळ्याबद्दल एकच वाक्य. 'हा मुद्दा विचारात घेण्यासारखा वाटत नाही.' का नाही वाटत?"

मी म्हणालो, "कदाचित पुरावा नसेल."

"आहे ना सर. पान तीन. मालकाने स्वतः उलटतपासणीत कबूल केलंय." मग म्हणाली, "मला वाटतं, हा निकाल हरलेल्या माणसासाठी लिहिलेलाच नाही. दुसऱ्याच कोणीतरी वाचावा म्हणून लिहिलाय."

मागून पोलीस म्हणाला, "करेक्ट!" आणि वर्ग हसला. तास संपायला वीस मिनिटं होती. मी वेळ झाली म्हणून सांगितलं आणि बाहेर पडलो.

त्यानंतर मी तो निकाल रोज वाचतो आहे. मुलगी बरोबर बोलली. कोणी वाचावा म्हणून लिहिला होता तेही तुला सांगतो. त्या वर्षी हायकोर्टासाठी माझं नाव चाललं होतं. कस्तुरीलाही मी ते अर्धवटच सांगितलं होतं. फेब्रुवारीत तू मनूचं ठरल्याचं कळवलंस, तेव्हा ते अपील सुनावणीला उभंही राहिलं नव्हतं. शेजारच्या खोलीत दुसरं कोर्ट होतं. एक सही केली असती की अपील तिकडे वर्ग झालं असतं आणि मी मांडवात आलो असतो. नात्यातलं प्रकरण आलं की सगळे न्यायाधीश हेच करतात. त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही.

मला मात्र ते लोकांना विशेष वाटायला हवं होतं. अपील मी मुद्दाम ठेवून घेतलं. सख्ख्या बहिणीच्या व्याह्याची भीड न धरणारा माणूस म्हणून वरच्यांच्या कानावर माझं नाव जावं, अशी मला हाव सुटली. लग्नाला न येणं हा त्याच दिखाव्याचा भाग. तुला पक्षकाराच्या मांडवाचं जे कारण दिलं ते खरं होतं, पण पक्षकार त्यांना मीच राहू दिलं होतं. आणि निकालही त्यांच्या विरुद्ध गेला पाहिजे, हे मी लिहायला बसण्याआधीच ठरून गेलं होतं. दुसऱ्या कोणाचं अपील असतं तर रिकाम्या गाळ्यावर मी दोन पानं लिहिली असती आणि तो माणूस बहुतेक जिंकला असता. बहुतेक हा शब्दही मी भीतीने घातला. जिंकला असता. भीमाचार्यांचं दुकान माझ्या हौसेपायी गेलं.

हायकोर्टात माझं नाव पोचलंच नाही, ते जाऊ दे.

तुझ्यापाशी माझी एकच चांगली गोष्ट उरली होती. अण्णा येत नाही, पण सरळ आहे. हे पत्र टाकलं की तीही जाईल. मग तू माझ्याशी का बोलावंस याला काही कारणच राहत नाही. मला फार भीती वाटते, अहल्या. एवढी भीती मला रिटायर झाल्यावरही वाटली नव्हती, कस्तुरीच्या आजारात मात्र वाटली होती.

अण्णा

ता. क. २२ ऑगस्ट. दोन दिवस हे पत्र खिशात घेऊन फिरलो. काल वर्गात सांगितलं की तो न्यायाधीश मीच. श्वेताचा चेहरा उतरला, "सॉरी सर" म्हणाली. मी तिला खाली बसवलं आणि सांगितलं की या तिमाहीत पहिला नंबर तुझा. वर्गासमोर सांगून झाल्यावर थोडा धीर आला. आता पेटीत टाकतो.

इंदिरानगर
२९ ऑगस्ट १९९५

अण्णा,

तुझी चारही पत्रं पोचली. पहिली दोन वाचून हसले, हे कबूल करते. शेवटचं वाचल्यापासून स्वयंपाकात लक्ष नाही. काल आमटीत दोनदा मीठ घातलं.

नऊ वर्षं मी व्याह्यांच्या घरी ताठ मानेने जाते, ती कशाच्या जोरावर? मनूला सासरी कोणी वावगा शब्द बोललं नाही, कारण मी सगळ्यांना सांगितलं, माझा भाऊ माझासुद्धा होत नाही, तो तुमचा कसा होईल? भीमाचार्य म्हणायचे, "बरोबर आहे अक्का, कायदा तो कायदा." मी बोलत नव्हते ती तू आला नाहीस म्हणून. पण तू खोटा आहेस असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. आता त्यांच्यासमोर मी कोणत्या तोंडाने बसू?

आणि हे मला सांगून काय उपयोग? दुकान माझं गेलं का? ज्यांचं गेलं त्यांना सांग. मी मध्ये पडणार नाही, बरोबर येणार नाही, आधी जाऊन तुझ्यासाठी सारवासारवही करणार नाही. दहा तारखेला रविवार आहे. सकाळी ते घरीच असतात. मनूचं घर माझ्या घरापासून तिसरी गल्ली, निळं फाटक.

कोट घालून जाऊ नकोस.

अहल्या

इंदिरानगर, तुझा व्हरांडा
१० सप्टेंबर १९९५

अहल्या,

तुझ्या दाराला कुलूप आहे. कल्लाप्पांनी कुंपणावरून पाहिलं. "अक्का मार्केटिगे होगिद्दारे, कूत्कोळ्ळी," म्हणजे अक्का बाजारात गेल्यात, बसा, असं म्हणून खुर्ची दिली. मी कागद मागितला, तोही दिला. मी कोण ते त्यांनी विचारलं नाही. त्यांना माहीत असावं.

मनूकडे जाऊन आलो. दार तिनेच उघडलं. "मामा," म्हणाली आणि दारातून बाजूला झाली. मी चपला काढण्यात उगाच वेळ लावला. मल्हार बाहेर गेला होता. भीमाचार्य गॅलरीत होते. पेटी उघडून तिच्या आतल्या पितळी पट्ट्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडून बसले होते. मला बघून उठायला लागले, मी नको म्हणालो आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. नऊ वर्षांची गोष्ट, सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. ते ऐकताना एक पट्टी फडक्याने पुसत राहिले. ती स्वच्छ झाली तरी पुसत राहिले.

मग उठून आत गेले आणि एक फाइल घेऊन आले. आत माझ्या निकालाची नक्कल होती, कोर्टाच्या शिक्क्याची.

"इंग्रजीत आहे," म्हणाले. "वकील म्हणाला, हरलात. तेवढंच. मल्हार म्हणाला, मी वाचून दाखवू का? मी म्हटलं, नको रे, नवीन लग्न झालंय तुझं. आता लिहिणाराच आलाय तर वाचा की."

मी खाली बसलो आणि वाचू लागलो, मराठीत सांगत सांगत. अहल्या, इंग्रजीत जे भारदस्त वाटलं होतं ते मराठीत तोंडातून निघेना. न्यायाधीशाला नातं नसतं, असं एक वाक्य आलं. त्यांच्या सुनेचा मामा मी, त्यांच्या गॅलरीत बसून ते वाक्य म्हणत होतो. कान तापले. मनू दाराशी उभी होती. बारा पानांना तास लागला. नवव्या पानावर ते वाक्य आलं. वाचलं आणि थांबलो.

"पुढं?"

"पुढे दुसरा मुद्दा आहे."

"गाळ्याचं एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी मान हलवली. "त्या गाळ्यात मालकानं मोडक्या सायकली ठेवल्या होत्या हो. रोज बघायचो मी. कोर्टात बसलो की वाटायचं, आता जजसाहेब विचारतील. आता विचारतील." मी विचारलं नव्हतं, हे त्यांना माहीत होतंच.

थोड्या वेळाने त्यांनी मनूकडून एक कोरा कागद मागवला आणि माझ्यासमोर ठेवला. "मग आता लिहा तेवढं. नीट लिहा. मराठीत."

मी म्हणालो, याला कायद्याने काही अर्थ नाही, दुकान परत मिळणार नाही.

"ते कळतंय की मला," म्हणाले. "पेटीवाला असलो म्हणून काय. तुम्ही लिहा."

दीड पान लिहिलं. मालकाचा दुसरा गाळा रिकामा होता, ते त्याने स्वतः कबूल केलं, त्यावरून त्याची गरज सिद्ध होत नाही, म्हणून अपील मंजूर करण्यात येत आहे. बत्तीस वर्षांत इतकं सोपं मी कधी लिहिलं नव्हतं. त्यांनी ओळीखाली बोट धरून सगळं वाचलं आणि सही मागितली. सही केली. मग मला पेच पडला. विचारलं, तारीख कोणती घालू, तेव्हाची की आजची?

"आजची घाला," ते म्हणाले. "तेव्हा तुम्ही आलात कुठं?"

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. कागद घडी न घालता फाइलमध्ये जुन्या निकालाच्या वर ठेवला आणि पुन्हा पट्ट्या पुसायला बसले. मनूने दोघांना खायला अवलक्की, पोहे दिले. त्यांनी लोणच्याची वाटी माझ्याकडे सरकवली. निघताना मनू पाया पडली आणि मला रडू आलं. मी लपवलं नाही.

त्यांचं एक अपील तरी होतं. तुझं काहीच नव्हतं. तू मांडवाच्या दाराशी उभी राहून भावाची वाट बघत होतीस, एवढंच. त्यावर मला आता काहीही लिहून देता येत नाही, कितीही नीट लिहिलं तरी. मी चुकलो, अहल्या. फार चुकलो. तुझी आठवण रोज येते, हेही सांगायला मला नऊ वर्षं लागली. हे पत्र दाराखालून सरकवून पाच वाजताच्या बसने

फाटकापाशी रिक्षा थांबली आहे. तू उतरलीस, दोन्ही हातांत पिशव्या. मला पाहून उभी राहिली आहेस, पण मागे फिरली नाहीस. पिशव्या जड दिसताहेत. उठतो.